शिनजियांग: एकाच प्रांतात इतके वेगवेगळे लोक आले कसे?

अक्षांश

नमस्कार मंडळी. गेले काही महिने मध्य आशियाबद्दल मिळेल ते वाचतोय आणि चीनच्या वायव्य टोकाच्या शिनजियांगपाशी येऊन अडकलोय. एका पुस्तकात कुचा आणि खोतान म्हणजे बौद्ध विहार. दुसऱ्यात काशगर म्हणजे मदरसे आणि पीरांच्या कबरी. तिसरं उघडलं तर झुंगार मंगोल, चौथ्यात मांचू फौजा. आणि आजच्या जनगणनेत उइगुर, हान (म्हणजे बहुसंख्य चिनी), कझाक, हुई (चिनी बोलणारे मुसलमान), किरगिझ, मंगोल, ताजिक, शिबे, रशियन, तातार अशी लांबलचक यादी.

हा प्रदेश मुळात एक आहे का? हे सगळे आपापल्या पायांनी आले की कोणी आणून वसवले? आणि उइगुर इथले मूळचे की बाहेरचे? यावर दोन टोकांची मतं वाचली आणि दोन्हींवर विश्वास बसेना. राजकारण टाळून उत्तर देऊ नका, पण नुसती खडाजंगीही नको. कोणी तिथे राहून आलं असेल तर फारच उत्तम.

उत्तरपथ

अक्षांश, मी वैद्यकीय शिक्षणासाठी उरुमचीत राहिले आहे. २००९ च्या दंगलीच्या वेळीही तिथेच होते. त्यामुळे जमेल तेवढं सविस्तर लिहिते.

सर्वात आधी राजकीय नकाशा मिटवा आणि डोंगर-नद्यांचा उघडा. वर अल्ताई, मध्ये तिएनशान, खाली कुनलुन. या तीन रांगांमध्ये दोन खोलगट प्रदेश आहेत: तिएनशानच्या उत्तरेला झुंगारिया, दक्षिणेला तारीमचं खोरं. क्षेत्रफळ सुमारे १६ लाख ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे चीनचा सहावा हिस्सा. पण हे दोन वेगळे देश आहेत असं समजूनच वाचायला सुरुवात करा. माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

दक्षिणेला मधोमध तक्लामकान. पाऊस जवळजवळ नाहीच. जगायचं ते कुनलुन, पामीर आणि तिएनशानवरच्या हिमनद्यांच्या पाण्यावर. यारकंद, खोतान, अक्सू या नद्या मिळून तारीम होते, आणि ती कुठल्याच समुद्राला न मिळता वाळूत संपते. जिथे नदी डोंगरातून बाहेर पडते तिथे गाव, आणि पाट जिथे संपतो तिथे गावही संपतं. दक्षिण कडेला यारकंद, खोतान, केरिया, निया, चेरचेन. उत्तर कडेला अक्सू, कुचा, कोर्ला. दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे काशगर. दोन गावांच्या मध्ये कित्येक दिवसांची वाळू. म्हणून प्रत्येक गाव स्वतःत पूर्ण: आपला पाट, आपला बाजार, आपले पीर. माणसंही स्वतःची ओळख गावाच्या नावाने सांगायची, काशगरलिक, तुर्पानलिक अशी. राज्यकर्ता कोणीही येवो, पाट राखणारे तेच राहायचे.

उत्तरेला गवत आहे. इलीचं खोरं तर डोळे निववणारं हिरवं. तिथे मेंढ्या, घोडे, उन्हाळ्यात वरची कुरणं आणि हिवाळ्यात खालची. तिथली सत्ता गावात बसून नाही, घोड्यावर बसून चालायची. इर्तिश नदी तर इथूनच निघून पार आर्क्टिक महासागराकडे जाते, इली बाल्खाश सरोवराकडे. दक्षिणेचं तोंड काश्मीर-पामीरकडे, उत्तरेचं स्टेपच्या गवताळ मैदानांकडे.

हा फरक मला पुस्तकातून नाही, वॉर्डात कळला. यकृतात हायडॅटिडची गाठ झालेले रुग्ण आमच्याकडे बरेच यायचे. हा मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातून होणारा आजार, त्यामुळे मेंढपाळांमध्ये जास्त. एकदा अल्ताईकडचे एक कझाक आजोबा आले. त्यांना चिनी येत नव्हती. उइगुर नर्स त्यांचं बोलणं बरंचसं समजून घ्यायची, कारण दोन्ही भाषा तुर्की कुळातल्या. ती ते चिनीत हान डॉक्टरांना सांगायची आणि मी इंग्रजीत टिपून घ्यायचे. "कधीपासून दुखतंय?" एवढ्या प्रश्नाला तीन भाषांचा वळसा. आजोबांनी पोटावर हात ठेवून सांगितलं, "कुरणं बदलली तेव्हापासून." नर्सला ती कुरणं बदलण्याची वेळ कोणती ते कळेना, ती तुर्पानची, द्राक्षाच्या मळ्यातली. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या मंगोल बाईने सांगितलं की शरद ऋतूत, मेंढ्या खाली आणतात तेव्हा.

आता "आपापल्या पायांनी की आणून वसवले" याचं उत्तर. दक्षिणेत लोक हळूहळू साचत गेले. उत्तरेत मात्र एका भयंकर घटनेनंतर मुद्दाम वसवले गेले. १७व्या-१८व्या शतकात झुंगार हे ओइरात मंगोलांचं बलाढ्य राज्य उत्तरेत होतं आणि दक्षिणेतली गावं त्यांचीच मांडलिक होती. १७५५ ते १७५९ या काळात चीनच्या छिंग, म्हणजे मांचू घराण्याच्या छ्येनलुंग सम्राटाच्या फौजांनी आधी झुंगारांना आणि मग दक्षिणेतल्या खोजा या धर्मगुरू घराण्याला हरवलं. वेई युआन या १९व्या शतकातल्या चिनी विद्वानाने लिहून ठेवलंय की झुंगारांपैकी दहातले चार देवीच्या साथीत गेले, दोन पळून गेले, तीन फौजेने मारले. एक अख्खं राष्ट्र संपलं. गवत तसंच राहिलं, माणसं गेली.

त्या रिकाम्या जमिनीवर छिंग राजवटीने लोक आणले. दक्षिणेतून उइगुर शेतकरी इलीत नेऊन बसवले. त्यांना तारांची म्हणत. मांचुरियातून शिबे आणि सोलोन, शिवाय चाखार मंगोल, सीमेची राखण करायला. हुई आणि हान शेतकरी पूर्वेकडून. १७७१ मध्ये तोरगुत मंगोल व्होल्गाकाठाहून परत आले: सुमारे १ लाख ७० हजार निघाले, निम्म्याहून अधिक वाटेत मेले किंवा पकडले गेले. व्होल्गाच्या पश्चिम तीरावरच्यांना नदी नीट न गोठल्यामुळे येताच आलं नाही. आजचे काल्मिक ते त्यांचे वंशज. कझाक पश्चिमेकडून कुरणांच्या मागोमाग सरकत आले. म्हणजे तुमच्या यादीतली अर्धी नावं १७६० नंतरच्या काही दशकांतली आहेत.

यातले शिबे मला फार आवडतात. १७६४ मध्ये मुकदेनहून, म्हणजे आजच्या शेनयांगहून, सैनिक आणि त्यांची कुटुंबं निघाली आणि मंगोलिया ओलांडून पुढच्या वर्षी इलीत पोहोचली. नोकरी ठरावीक वर्षांची असेल असं त्यांना वाटलं होतं. ते कायमचे तिथेच राहिले. त्यांनी इलीच्या दक्षिणेला स्वतः कालवा खणला. आजही त्यांच्या तालुक्याचं नाव चापचाल आहे. मांचुरियात मांचू भाषा बोलणारे बोटांवर मोजण्याइतके उरले असताना तिची सख्खी बहीण इथे, कझाकस्तानच्या वेशीवर, घराघरांत टिकली. त्यांचं वर्तमानपत्र त्याच उभ्या लिपीत छापतात. निघाले तो चांद्र चौथ्या महिन्याचा अठरावा दिवस अजून सण म्हणून पाळतात, धनुर्विद्येच्या स्पर्धा लावतात. माझ्या वर्गात चापचालची एक मुलगी होती. ती घरी फोनवर शिबेत बोलायची, खोलीत उइगुरमध्ये, वर्गात चिनीत, आणि कझाक गाणी पाठ. तिला यात विशेष काही वाटायचं नाही.

उइगुर मूळचे का, यावर उद्या लिहिते. तो भाग घाईत लिहिण्यासारखा नाही.

खारदुंग

उत्तम प्रतिसाद. मी लडाखमध्ये बरीच वर्षं कामानिमित्त होतो, म्हणून दक्षिणेच्या "तोंड काश्मीरकडे" या वाक्यात थोडी भर.

लेह ते यारकंद ही वाट १९४९ पर्यंत जिवंत होती. नुब्रातून ससेर ला, मग देपसांग, मग ५,५४० मीटरवरची काराकोरम खिंड. महिन्याहून जास्त प्रवास. वाटभर घोड्यांची हाडं पडलेली असायची आणि चुकलेल्यांना तीच खूण. आज बातम्यांत येणाऱ्या दौलत बेग ओल्दीचा अर्थ तुर्कीत "जिथे दौलत बेग वारला" असा आहे. तिकडून नमदे (दाबलेल्या लोकरीची जाड वस्त्रं), खोतानी गालिचे, रेशीम आणि चरस यायचा, इकडून सुती कापड, रंग, मसाले, पोवळी. यारकंदमध्ये शिकारपुरी सावकार आणि होशियारपूरचे व्यापारी ठाण मांडून असत. लेहमध्ये यारकंदी व्यापारी आणि लडाखी स्त्रियांच्या संततीला अर्गोन म्हणतात. त्यांच्यापैकी काही म्हाताऱ्यांकडून वाटेच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या. हुंदरच्या वाळूत पर्यटक ज्या दोन मदारींच्या उंटांवर बसतात, तेही त्याच काफिल्यांचे वंशज.

१९४९ च्या अखेरीस शेवटचे आले ते व्यापारी नव्हते, निर्वासित होते. इसा युसुफ अल्पतेकिन आणि मुहम्मद अमीन बुग्रा हे उइगुर नेते याच बाजूने हिवाळ्यात लडाखला उतरून श्रीनगरला गेले आणि पुढे तुर्कस्तानात. त्यांच्या जथ्यात हिमदंशाने हातपाय गमावलेले, वाटेत पोरं गमावलेले लोक होते. मग खिंड बंद झाली ती आजतागायत.

एक विचारायचं होतं. उरुमचीत घड्याळं दोन असतात म्हणे?

उत्तरपथ

हो खारदुंग, खरं आहे. अख्ख्या चीनला एकच बीजिंगची वेळ. पण काशगर ७६ अंश रेखांशावर आहे, तिथे हिवाळ्यात बीजिंगच्या घड्याळात दहा वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. म्हणून स्थानिक वेळ दोन तास मागे. साधारणपणे हान लोक बीजिंगची वेळ सांगायचे आणि उइगुर स्थानिक. कोणी "आठला भेटू" म्हटलं की "कुठले आठ?" हे विचारावंच लागायचं. दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ बघून मालक कोण ते ओळखता यायचं. कचेऱ्या बीजिंगच्या वेळेने सकाळी दहाला उघडायच्या, दुपारचं जेवण दोन वाजता. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सगळं जिथल्या तिथे.

भूर्जपत्र

बौद्ध काळाबद्दल कोणी काही लिहिलं नाही म्हणून थोडक्यात.

कुमारजीव कुचाचा. जन्म इ.स. ३४४, आई कुचाच्या राजघराण्यातली, वडील भारतातून गेलेले. ४०१ मध्ये तो छांगआनला (आजचं शीआन) पोहोचला आणि त्याने केलेलं सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राचं चिनी भाषांतर आजही पूर्व आशियात पठणात आहे. कुचात त्या काळी तोखारी बोलत, खोतानमध्ये शक. पहिली इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा, दुसरी इराणी.

पण मला जास्त जवळची वाटतात ती नियाची लाकडी पत्रं. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला १९०१ मध्ये वाळूत सापडली. दोन फळ्या एकमेकींवर बसवून दोरीने बांधलेल्या, दोरीच्या खाचेत मातीची मोहोर, आणि काही मोहरांवर चक्क ग्रीक देवी अथेना. आत खरोष्टी लिपी, भाषा गांधारी प्राकृत, काळ तिसरं-चौथं शतक. सुरुवात होते "महनुअव महरय लिहति" अशी. पुढे काय? अमक्याचा उंट तमक्याने नेला, पाण्याच्या पाळीवरून भांडण, करवसुली राहिली, चौकशी करून कळवा. तक्लामकानच्या कडेवर एका छोट्या राज्याचा कारभार आपल्याला कानाने कळेल अशा भाषेत चालला होता.

आणि १८९० मध्ये कुचात हॅमिल्टन बॉवर या ब्रिटिश अधिकाऱ्याला भूर्जपत्रावरची संस्कृत पोथी विकत मिळाली. तो तिथे एका स्कॉटिश व्यापाऱ्याच्या खुन्याच्या शोधात गेला होता. पोथीत वैद्यक आहे, आणि सुरुवातच लसणाच्या गुणांनी होते. उत्तरपथ, तुमच्या व्यवसायातली म्हणून मुद्दाम सांगितलं.

अक्षांश

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. उत्तरपथ, मूळचे-बाहेरचे या प्रश्नाची वाट पाहतोय. आणि तारीमच्या त्या "गोऱ्या ममीं"चं काय? त्या युरोपातून आलेल्यांच्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

उत्तरपथ

ममींपासून सुरू करते. उरुमचीच्या संग्रहालयात मी त्या पुष्कळदा पाहिल्या आहेत. लोलानची स्त्री जवळपास ३,८०० वर्षांपूर्वीची. पापण्यांचे केससुद्धा शाबूत. लोकरीचं वस्त्र, डोक्यावर नमद्याची टोपी आणि तिच्यात खोवलेलं पीस, उशाशी टोपली. शियाओहच्या दफनभूमीतल्या शवपेट्या होडीच्या आकाराच्या, वरून बैलाचं कातडं ताणलेलं. चेहरेपट्टीवरून पश्चिमेकडून आलेले असा तर्क अनेक वर्षं चालला. २०२१ मध्ये डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली आणि उलटंच निघालं: सर्वात जुन्या ममी हिमयुगानंतर आशियातच उरलेल्या एका फार जुन्या लोकसमूहाच्या होत्या, आजूबाजूच्यांशी रक्ताने न मिसळलेल्या. गहू, बाजरीवर्गातली धान्यं, दुधाचं चीज मात्र त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतलं होतं.

आता उइगुर. उइगुर खानत ७४४ ते ८४० या काळात मंगोलियात होती. राजधर्म इराणी धर्मसंस्थापक मानीचा. ८४० मध्ये किरगिझांनी ती उद्ध्वस्त केली आणि एक मोठा गट तुर्पानकडे उतरला. तिथे आधीपासूनच तोखारी बोलणारे, समरकंदकडचे सोग्दी व्यापारी, हान वसाहतवाले राहत होते. साधारण त्याच काळात पश्चिमेला काशगरमध्ये काराखानी हे दुसरे तुर्क आले. त्यांच्यातल्या सातुक बुग्रा खानाने १०व्या शतकात इस्लाम स्वीकारला आणि १००६ च्या सुमारास बौद्ध खोतान पडलं. तुर्पान मात्र १५व्या शतकापर्यंत बऱ्याच अंशी बौद्धच होतं. या सगळ्या शतकांत जुनी माणसं हाकलली गेली नाहीत. पाट तेच, मळे तेच, घरात बोलायची भाषा हळूहळू तुर्की झाली. त्यामुळे "उइगुर मंगोलियातून आलेले उपरे" हे जेवढं चूक, तेवढंच "चार हजार वर्षं उइगुरच होते" हेही. आजचे उइगुर दोघांचे वंशज आहेत, आणि कुठल्याही पाट राखणाऱ्या माणसाइतके तिथले आहेत.

हेच माप चीनच्या दाव्यालाही लावा. हान राजवटीने इ.स.पू. ६० मध्ये तिथे संरक्षक नेमला हे खरं. तांग फौजाही होत्या. पण ७५५ मध्ये सेनापती आन लुशानचं बंड मोडण्यासाठी त्या परत बोलावल्या गेल्या आणि मंगोल काळ सोडला तर त्यानंतर हजार वर्षं चीनमधल्या कुठल्या राजवटीचा तारीमवर ताबा नव्हता. उत्तर आणि दक्षिण मिळून आजचा जो आकार दिसतो तो १७५९ चा. प्रांताचा दर्जा १८८४ चा, तोही काशगरला सत्ता स्थापन केलेल्या याकूब बेगचं राज्य मोडून काढल्यानंतर. १९३३ मध्ये काशगरला आणि १९४४ मध्ये इली खोऱ्यातल्या घुल्जाला पूर्व तुर्कस्तान प्रजासत्ताक उभं राहिलं. पहिलं काही महिने टिकलं, दुसरं १९४९ पर्यंत.

१९५५ मध्ये उइगुर स्वायत्त प्रदेश झाला. १९५३ च्या गणनेत उइगुर सुमारे ७५ टक्के, हान ६ टक्के होते. २०२० मध्ये ४५ आणि ४२. हा बदल आपोआप झालेला नाही. १९५४ पासून बिंगतुआन ही निमलष्करी शेती-संस्था उत्तरेत नवी शहरं आणि कापसाचे मळे उभारत गेली, पाणी त्यांच्याकडे वळलं, खाली तारीम आटत गेली.

२००९ बद्दल. जूनमध्ये दक्षिण चीनच्या ग्वांगतुंगमधल्या कारखान्यात दोन उइगुर कामगार मारले गेले, त्याच्या निषेधातून ५ जुलैला उरुमचीत मोर्चा निघाला आणि संध्याकाळपर्यंत दंगल. सरकारी आकडा १९७ मृत. दोन दिवसांनी हान जमाव काठ्या घेऊन रस्त्यावर उतरला. त्यानंतर प्रांताचं इंटरनेट सुमारे दहा महिने बंद होतं, परदेशी फोनही कित्येक महिने. आईवडिलांना मी सुखरूप आहे एवढं कळवायलाही मला दुसऱ्या कोणाच्या हाती निरोप धाडावा लागला. वॉर्डात दोन्ही बाजूंचे जखमी एकाच रांगेत होते. ती शिबे मैत्रीण तेव्हा रात्रंदिवस दुभाषी म्हणून उभी राहिली, कारण दोघांनाही तिच्यासमोर बोलायची भीती वाटत नव्हती.

२०१७ पासून जे झालं ते त्याहून फार मोठं आहे. लाखो माणसं खटल्याविना छावण्यांत डांबली गेली. ३१ ऑगस्ट २०२२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अहवालाने हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असं म्हटलं. वाळवंटातल्या पीरांच्या कबरींवर आयुष्यभर काम केलेल्या राहिले दावुत या प्राध्यापिका २०१७ मध्ये बेपत्ता झाल्या. २०२३ मध्ये कळलं की त्यांना जन्मठेप झाली आहे. माझ्या उइगुर वर्गमित्रांनी त्याच सुमारास एकेक करून मला संपर्कातून काढलं. परदेशी नंबर फोनमध्ये असणं त्यांना परवडणारं नव्हतं. मी फोन करत नाही, त्यांची नावंही कुठे लिहीत नाही.

अक्षांश

मनापासून आभार. पुन्हा वाचावं लागेल. शेवटचं एक: तिथलं संगीत ऐकायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

उत्तरपथ

बारा मुकाम, म्हणजे उइगुरांचं अभिजात संगीत. सगळे सलग वाजवले तर वीस तासांहून जास्त, म्हणून सुरुवातीला पूर्ण ऐकायच्या फंदात पडू नका. प्रत्येक मुकामाचे तीन भाग असतात: चोंग नगमा, दास्तान, मशरप. पहिला संथ आणि लांब, तिसरा नाचाचा. तुम्ही मशरपपासून उलटे जा; डफाचा ठेका कानात बसला की मग संथ भागात काय चाललंय ते कळायला लागतं. १९५० च्या दशकात तुर्दी आखून या म्हाताऱ्या वादकाकडून बारा मुकाम ध्वनिमुद्रित करून घेतले गेले. सगळे मुखोद्गत असलेले ते शेवटच्या काहींपैकी होते आणि १९५६ मध्ये वारले, म्हणजे थोडक्यात वाचलं. ते नाव शोधा. शिवाय नुसता दुतार ऐका, दोन तारांचा. आणि उत्तरेकडचं हवं असेल तर कझाकांची दोंब्रा. एका संध्याकाळी दोन्ही पाठोपाठ ऐका. एक मळ्यात बसून वाजवलेलं आणि एक कुरणात, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.